आईचा बुद्ध आणि माझी भिंत

तुम्ही कधी स्वतःच्या आईवर जळला आहात का? रागावणं वेगळं आणि रुसणं वेगळं, ते सगळीच मुलं करतात. मी जळण्याबद्दल विचारते आहे. शेजारणीच्या नव्या फ्रिजवर माणूस जळतं, वर्गातल्या पहिल्या आलेल्या मुलीवर जळतं, तसं, पोटात काहीतरी आंबल्यासारखं. उत्तर 'नाही' असेल तर तुमची आई बहुतेक चित्रं काढत नसावी. माझी काढते. माझं वय आत्मकथन लिहिण्याचं नाही असं अण्णा म्हणतात, पण ते छापखान्यात आयुष्य काढलेले गृहस्थ आहेत आणि त्यांना प्रत्येक मजकुरात काटछाट सुचते. मला हे एवढं प्रकरण लिहून टाकायचं आहे, कारण यात एक काम अजून व्हायचं राहिलं आहे.

आमचं घर येरवड्यात. दोन खोल्या, पुढची अण्णांची आणि मागची आईची. पुढच्या खोलीत पत्रकं असत. टेबलाखाली, खाटेखाली, देवळीत, पाहुण्यांच्या उशीखालीसुद्धा. अण्णा एका खाजगी छापखान्यात मशिनवर होते आणि वस्तीत पाण्यापासून शिष्यवृत्तीपर्यंत जे काही अडे त्याचं पत्रक आमच्याच घरी जन्माला येई. मी अक्षरं शिकले ती त्यावरूनच. पहिलं वाक्य मी वाचलं ते 'आता गप्प बसणे म्हणजे गुन्ह्यात सामील होणे होय' असं होतं, आणि अंगणवाडीत बाईंनी गप्प बसायला सांगितल्यावर मी ते त्यांना म्हणून दाखवलं होतं. त्याच अंगणवाडीत माझी आई मदतनीस होती. खिचडी शिजवायची, मुलांची नाकं पुसायची, चपला जोडीने लावायची. बाई तिला म्हणाल्या, "सुमनताई, मुलगी तुमची वाटत नाही." आई म्हणाली, "न्हाई, ही ह्यांची हाय."

तेव्हापासून घरात वाटणी झालेली होती. मी अण्णांची. संध्याकाळी पुढच्या खोलीत माणसं जमत, अण्णा मसुदा वाचत, मी चुका काढत असे. लोहगावहून लढाऊ विमानं उडाली की सगळे वाक्याच्या मध्ये थांबत. आमच्याकडे कोणी त्या आवाजावर आवाज चढवत नाही. तोंड उघडं ठेवून थांबायचं आणि विमान गेलं की पुढच्या शब्दापासून सुरू करायचं. बाहेरगावचे पाहुणे दचकत. मागून आईचा चहा येई, कधी जमलेले जेवूनच जात. मग भाकरी, सुकटीची चटणी आणि अंबाडीची भाजी. त्या भाजीच्या वासात मी नववीत असताना आणखी एक वास मिसळायला लागला. टर्पेंटाइनचा.

रशीदभाई आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहत. पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, डॉक्टरांच्या, निवडणुकीच्या. मग फ्लेक्स आले आणि रशीदभाई दुकानात बसून डबे उघडून झाकणं परत लावायला लागले. त्यांची नात अंगणवाडीत होती. एक दिवस त्यांनी आईला तळाला थोडाथोडा रंग उरलेले डबे दिले, "भाभी, बच्चों के लिए कुछ ए-बी-सी-डी निकालो दीवार पे." आईने अंगणवाडीच्या भिंतीवर अननस काढायचा म्हणून ब्रश धरला आणि अननसाऐवजी पाय काढले. मुलांचे, धुळीचे, एकात चप्पल आणि एकात नाही असे. बाईंनी ते पुसायला लावले. मग आईने तेच पाय घरी, मागच्या खोलीत, गॅसच्या शेगडीमागे काढले.

तिची पद्धत इथे सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आई आधी कच्चं काही काढत नाही. पेन्सिल नाही, खडू नाही, माप नाही. ती खालून सुरू करते. पायाची बोटं, टाच, घोटा, मग पोटऱ्या, लुगडं नाहीतर पँट, आणि असं वर वर. मी तिला म्हटलं होतं, "अगं, आधी सगळा माणूस बसवून घ्यायचा असतो." ती म्हणाली, "घर काय छपरापासून बांधत्यात का?" मुद्दा बिनतोड होता. फक्त घराला वर जागा लागेल तेवढी मिळते आणि चित्राला मिळत नाही. तिची माणसं पायाशी ऐसपैस सुरू व्हायची आणि वर पोचेपर्यंत भिंत संपायची. मग कोणाची मान वाकडी, कोणाचं कपाळ छताच्या वाशात, कोणी गळ्यापर्यंतच. कपाटाच्या दारावर तिने मांजरीच्या उसाच्या फडातून घरी निघालेल्या बायका काढल्या होत्या. मांजरी तिचं माहेर. सगळ्यांच्या डोक्यावर भारे असणार हे आपल्याला त्यांच्या पावलांच्या दाबावरून कळत होतं. भारे स्वतः कपाटाच्या वर कुठेतरी, हवेत राहिले होते.

त्या बायका काढून झाल्या त्या दिवशी मी अण्णांना वाचायला नवा मसुदा दिला होता. गटारीच्या प्रश्नावर, माझा पहिला, संपूर्ण माझा. अण्णा तो हातात धरून पाणी प्यायला मागे गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मी जाऊन पाहिलं तर ते कपाटासमोर उभे होते. माझा मसुदा त्यांनी ओट्यावर ठेवला होता आणि त्यावर चहाचा कप होता.

"सुमन," ते म्हणाले, "ही तुझी आई ना? डावीकडून तिसरी?"

"डोकं न्हाई तरी वळखली?"

"चालण्यावरून."

मसुद्यावर चहाचं गोल वर्तुळ उमटलं होतं, बरोबर 'जनतेच्या आरोग्याशी' या शब्दांवर. मी तो कागद अजून ठेवला आहे. कोणी मोठं मन करायला सांगितलं की मी त्याकडे बघते.

अकरावीत मी भित्तिपत्रक सुरू केलं. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या आवाराची रस्त्याकडची भिंत लांबलचक आणि कोरी होती. समितीचे अध्यक्ष सोनकांबळे काका, पोस्टातून निवृत्त झालेले, प्रत्येक गोष्टीला पोच मागणारे. त्यांनी परवानगी दिली. भित्तिपत्रकाचं नाव 'जाब'. दर रविवारी वंदनेच्या आधी मी खळ लावून तो चिकटवायची. वाचक कोण होते ते प्रामाणिकपणे सांगते: रिक्षाची वाट बघणारे एक आजोबा, समोरच्या पंक्चरवाल्याचा मेहुणा, आणि एक शेळी. शेळी खळीसाठी यायची आणि माझ्या अग्रलेखाचा खालचा कोपरा खाऊन जायची. तरी ती भिंत माझी होती. वस्तीत लोक 'प्रज्ञाची भिंत' म्हणत.

आणि मग बुद्धपौर्णिमा जवळ आली तेव्हा सोनकांबळे काका आमच्या घरी आले, चहा घेतला, मागच्या खोलीत डोकावले आणि म्हणाले, "वहिनी, यंदा विहाराच्या भिंतीवर तुम्ही बुद्ध काढा."

"ती भिंत माझी आहे," मी म्हटलं.

"भिंत विहाराची आहे," अण्णा म्हणाले. "'जाब' फोनवर टाक. तिथे शेळी नाही."

सगळे हसले. आईसुद्धा. काका खिशातून डायरी काढून 'भिंत – सौ. सुमनताई' असं लिहून घेत होते. इतक्या वर्षांत या माणसाने माझा एकही अंक पुरता वाचला नव्हता आणि आईच्या कपाटासमोर ते तीन मिनिटं गप्प उभे राहिले होते. एका ओळीसाठी लोकांना थांबवायला मी किती घासत होते, ते तिला झारा धुताधुता जमत होतं. शाळा सातवीपर्यंत. ब्रश धरायचा कसा तेही चुकीचं, पोळपाटावर लाटणं धरावं तसा. तिने कष्ट केले असते, शिकली असती, अपमान सोसले असते तर मी समजून घेतलं असतं. पण तिला ते येतच होतं. हेच मला सहन होत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजून होत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अंगणवाडी दुपारपर्यंतच असे. आई तिथून थेट भिंतीशी यायची, पदर खोचून उकिडवी बसायची आणि पाय काढायची. पहिले कित्येक दिवस पायच. मधोमध दोन मोठे अनवाणी पाय, ते बुद्धाचे हे सगळ्यांना कळलं. आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना गर्दी. वस्तीतले. जोडवी घातलेले, सुजलेले, ड्युटीच्या बुटातले, पोलिओने वाळलेला एक, रशीदभाईंचे रंगाचे थेंब पडलेले. अंगणवाडीच्या दारात बसून बसून तिला सगळी वस्ती गुडघ्याखालून पाठ होती. संध्याकाळी भिंतीशी माणसं जमायला लागली. 'जाब'साठी जमली नव्हती एवढी.

"ए, ही माझी टाच!" शांतामावशी ओरडल्या. त्या मनपाच्या झाडूकामावर होत्या. "सुमे, भेगा जरा कमी काढायच्या होत्यास की!"

"कमीच केल्यात," आई म्हणाली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आई शिडीवर होती. बुद्धाच्या अंगावरच्या चीवराच्या चुण्या करत करत ती वर चालली होती. तो रंग तिने कसा आणला मला माहीत नाही. डब्यातल्या कुठल्याच रंगासारखा तो नव्हता, पिकत आलेल्या आंब्यावर ऊन पडावं तसा. खांदे झाले. गळा अर्धा झाला. आणि आईचा हात थांबला.

"काय झालं गं?" मी खालून विचारलं.

"संपली."

"काय?"

"भिंत."

गर्दीतलं कोणी आधी हसलं आणि मग कोणीच हसेना. भिंतीवर बुद्ध उभा होता, पायापासून गळ्यापर्यंत, आणि त्याच्या वर भिंतीची कड आणि कडेवर आकाश. आजूबाजूची माणसं लहान असल्याने त्यांची डोकी बसली होती. नेमकं त्याचंच नव्हतं.

सोनकांबळे काका आले. त्यांनी चष्मा पुसला. "वहिनी," ते म्हणाले, "हे तर वाळत घातलेलं चीवर झालं."

"चार थर विटा टाका वर," आई शिडीवरूनच म्हणाली. "डोकं काढती मी."

"उद्या पौर्णिमा आहे. वीटकाम वाळणार कधी, गिलावा कधी, रंग कधी? बाहेरून भंतेजी येणार आहेत. त्यांना काय दाखवू?" काकांनी इकडेतिकडे पाहिलं. "सकाळी लवकर चुना मारून घेऊ. भिंत पांढरी तर पांढरी." मग त्यांना मी दिसले. "प्रज्ञाताईंचा 'जाब' लावू तिथे. पौर्णिमा विशेषांक."

तेव्हा मला झाला तो आनंदच होता. लपवत नाही. माझी भिंत मला परत मिळत होती आणि मला बोटही हलवावं लागत नव्हतं. मी आईकडे पाहिलं. ती शिडीवरून उतरली, ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि रोजच्यासारखी केस न् केस पिळून तो साफ करायला लागली. मग मी चित्राकडे पाहिलं. तोपर्यंत मी ते नीट पाहिलंच नव्हतं, नेटाने टाळलं होतं. शांतामावशींच्या टाचेशेजारी त्याचं पाऊल होतं, आणि त्याच्याही टाचेला भेगा होत्या.

वाईट चित्रावर कोणी जळत नाही. माझ्याजवळ त्या चित्राच्या चांगलेपणाचा एवढाच पुरावा होता, पण तो पक्का होता.

मी घरी गेले आणि पत्रक लिहिलं. मथळा: 'मस्तक का नाही?' लिहिताना हात थांबला नाही. लेण्यांमध्ये जुन्या कारागिरांनी बुद्धाचं शरीर कोरलं नव्हतं. त्यांनी पावलं कोरली, रिकामं आसन कोरलं, झाड कोरलं. मूर्ती पुढे आली. म्हणजे आपल्या वस्तीच्या भिंतीने जुन्यातली जुनी वाट धरली आहे. चित्रकर्तीने जाणीवपूर्वक मस्तक काढलेलं नाही. त्या जागी आकाश ठेवलं आहे आणि विचार करण्याचं काम पाहणाऱ्यावर सोपवलं आहे. ज्याला चुना मारायचा आहे त्याने आधी आपल्या डोक्याचा हिशेब द्यावा. वगैरे. आजही वाचलं तरी मला तो युक्तिवाद पटतो. आणि तो लिहिताना मला हेही कळत होतं की हे पटलं तर निम्मं चित्र माझं होईल.

अण्णांनी ते छापून आणलं. सकाळी चुन्याची बादली भिंतीशी येऊन पडली होती. सोनकांबळे काकांनी पत्रक घेतलं, मोठ्याने वाचायला सुरुवात केली, विमान गेलं तेव्हा थांबले, पुन्हा सुरू केलं. शेवटपर्यंत वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा. मग बादलीवाल्या पोराला म्हणाले, "ने रे ती मागे. हे विचारपूर्वक केलेलं आहे."

भंतेजींनी चित्र पाहिलं, पावलांपाशी खाली वाकले आणि आत गेले. पत्रक त्यांनी घडी घालून झोळीत टाकलं.

दुपारी खीर वाटून झाल्यावर आई माझ्याजवळ येऊन बसली. तिने कोणाकडून तरी पत्रक वाचून घेतलं होतं. तिला वाचता येतं, पण माझी वाक्यं लांब असतात.

"मी डोकं मुद्दाम न्हाई काढलं, असं तू लिवलंस?"

"भिंत वाचली ना, आई."

"वाचली." तिने माझ्या हातातली वाटी घेतली, तळाची खीर बोटाने निपटली. "तुला आवडलंय का पण चित्र?"

"मी जळते तुझ्यावर," मी म्हटलं.

"मंग चांगलं झालंय." तिला खरंच बरं वाटल्याचं दिसलं. मग ती भिंतीच्या कडेकडे बघत म्हणाली, "पण आता मी डोकं कसं काढू?"

मला वाटलं, त्यात काय, पौर्णिमा झाली की विटा टाकतील. तिलाही तसंच वाटलं. पावसाळ्याआधी ती काकांकडे गेली. काका म्हणाले, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर कोरेगाव पार्कातून एक मॅडम आल्या. कोणीतरी त्यांना फोटो पाठवला होता. हातमागाची साडी, चांदीची मोठी अंगठी, बोलणं फार गोड. त्या भिंतीसमोर रडल्या. मग घरी आल्या, कपाट पाहिलं, शेगडीमागची भिंत पाहिली आणि म्हणाल्या, "सुमनताई, तुम्ही स्वयंभू कलाकार आहात."

"मी अंगणवाडीत मदतनीस हाय," आई म्हणाली.

"मस्तकाच्या जागी आकाश! हे कुठल्या कलाशाळेत शिकवता येत नाही."

"ते राहिलंय. विटा टाकल्या की काढायचंय."

मॅडमनी दोन्ही हात पुढे केले, जणू आई रस्त्यात गाडीसमोर चालली होती. "नका हं! प्लीज. त्याचं अपुरेपण हेच त्याचं पूर्णत्व आहे."

आई आत गेली आणि चहा घेऊन आली. सगळ्यांचे कप भरलेले, मॅडमचा अर्धा. मॅडम तो कौतुकाने प्यायल्या. पुढे त्यांचा लेख एका इंग्रजी मासिकात आला. त्यात माझ्या पत्रकातली वाक्यं होती, भाषांतर करून, माझं नाव न घालता. म्हणजे आता मला आईवर जळायचं होतं आणि मॅडमवरही. वेळ कमी पडायचा.

लेखानंतर माणसं यायला लागली. कॉलेजची मुलं, फोटोवाले, परदेशी पाहुणे. समितीने भिंतीशेजारी काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत पाटी कोरून बसवली. त्यावर माझं पत्रक आहे, जवळजवळ सगळं. मला ग्रॅनाइटवर छापलं गेल्याचा आनंद झाला, तो किती टिकला हे विचारू नका. पाटीच्या उद्घाटनाला आई नवी साडी नेसून आली आणि नारळ फोडून झाल्यावर काकांना म्हणाली, "आता गवंडी आलाच हाय, तर चार थर—"

"वहिनी," काका म्हणाले, "लोक लांबून बघायला येतात ते मस्तक नसलेला बुद्ध म्हणून. आणि आता पाटीवर लिहिलंय ना, मुद्दाम ठेवलंय म्हणून. आपणच खोटे पडू."

तेव्हापासून असंच चाललं आहे. माझ्या शब्दांनी तिच्या ब्रशला हरवलं. माझ्यासारखीला याहून मोठा विजय कुठे मिळणार होता, आणि मला तो नको आहे. समितीला मी लेखी दिलं की मजकूर माझा आहे, मी तो मागे घेते. काकांनी पोच दिली. वर म्हणाले, "ताई, तुम्ही लिहिलंयत छान. तुम्हाला आता पटत नसेल, आम्हाला पटलंय." एकदा गल्लीतल्या दोघांना घेऊन मी स्वतःच विटा आणून टाकल्या. त्या विहाराच्या मागच्या संडासाला लागल्या. आणि चोरून काही करायला आई तयार नाही. ती म्हणते, सांगून काढायला लावलंय, सांगूनच पुरं करीन.

आई आता निवृत्त झाली आहे. गुडघे बोलतात. शिडीच्या वरच्या पायरीवर ती अजून उभी राहते, पण खाली कोणाला तरी शिडी धरावी लागते. ती गेली काही वर्षं फक्त डोकी काढते आहे. तुटलेल्या फरशीवर, खोक्यांच्या पुठ्ठ्यावर, जुन्या परातीच्या पाठीवर. आमच्या घरात पूर्वी सगळीकडे पाय होते, आता जिकडे पाहावं तिकडे चेहरे आहेत, मानेपासून वर. ती सराव करते. एकदा काढायला मिळालं तर पुसायची वेळ येऊ नये म्हणून. परातीवरचं जे डोकं आहे ते तिने ठरवलं आहे. ते कसं आहे हे मी लिहिणार नाही. माझ्या लिहिण्याने त्या भिंतीचं बरंच काही झालं आहे. एवढंच सांगते की ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी परात पालथी घातली आणि पुढच्या खोलीत जाऊन बसले. पोटात जुनं तेच आंबलं होतं.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. विश्रांतवाडीकडे जाताना येरवड्यात उतरा. रविवारी या. विहार कोणालाही विचारा. ग्रॅनाइटची पाटी दिसेल, ती वाचू नका. सरळ भिंतीशी जा, हवा तेवढा वेळ पाहा. मग वंदना सुटली की पायरीवर चष्मा पुसत बसलेले एक म्हातारे गृहस्थ दिसतील, ते सोनकांबळे काका. माझं ते ऐकत नाहीत, मी तिची मुलगी आहे. आईचं ऐकत नाहीत, तिचं तर चित्रच आहे. तुम्ही परके आहात, तुम्ही पाहायला आलेले आहात, तुमचं ऐकावं लागेल. त्यांना कलेबद्दल काही सांगू नका, लेण्यांबद्दल नको, माझ्याबद्दल तर नकोच. फक्त विचारा, 'काका, याचं डोकं कधी बसवताय?' आणि त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं तर तिकडे न बघता चार थर विटा मागा.